पाटलाच्या दारातली काठी

आमच्या घरात 'हक्क' हा शब्द नानाकाकांच्या तापासोबत आला. तसा तो आधीपासून होताच, पण आबांच्या पागोट्यासारखा. उंच खुंटीवर टांगलेला, सणावाराला खाली काढायचा, आणि आम्ही बायकापोरींनी त्याला हात लावायचा नाही. पाटीलकीचा हक्क, देवळातल्या पहिल्या नारळाचा हक्क, पोळ्याला वेशीतून बैल आधी नेण्याचा हक्क. हे सगळे आबांचे, कारण आबा गावचे पाटील. त्यांचे धाकटे भाऊ म्हणजे नानाकाका हैदराबादला वकिली शिकायला गेले होते. ते एका थंडीत एक काळी टोपी, पुस्तकांची एक ट्रंक आणि एकाआड एक दिवस येणारा हिवताप असं सगळं घेऊन घरी परतले आणि ओसरीवरच्या बाजेवर पडले. ज्या दिवशी ताप असे त्या दिवशी ते चार घोंगड्यांखाली कुडकुडत. ज्या दिवशी नसे त्या दिवशी भाषण करत.

ऐकायला मी एकटी. माय जात्यावर नाहीतर चुलीपाशी, आबा शेतात नाहीतर चावडीवर. काकांना काढा पाजायचा आणि त्यांच्यावरच्या माशा हाकायच्या, हे काम माझ्याकडे. मी तेव्हा अकरा-बारा वर्षांची असेन. परकर गुडघ्याशी खोचलेला, नाकात चमकी, आणि अंगात जेवढं शहाणपण त्याच्या दुप्पट तोंड. काका म्हणायचे, "चंद्रे, माणूस जन्माला येतो तो हक्क घेऊनच येतो. राजानं दिला म्हणून हक्क नसतो. राजा नव्हता तेव्हाही माणूस होताच की!" मी माशा हाकायची थांबायची. "आन् पोरींचा?" "पोरींचाही." मग जरा वेळानं, "माशा हाक. आणि जरा पाणी आण. गार नको. नको, गारच आण." मानवी स्वातंत्र्याचा सगळा धडा मी असा उठबशा काढत शिकले.

शिकले आणि लगेच वापरायला काढला. नवा कोयता हातात आला की पोर सगळ्यात आधी आपलंच बोट कापतं, तसं. दुधावरच्या सायीवर माझा हक्क, चुलीवरून उतरलेल्या पहिल्या भाकरीवर हक्क, नारायणगडच्या जत्रेत पाळण्यात दोनदा बसायचा हक्क. येसराची आमटी वाढताना माय माझ्या वाटीत रस्साच जास्त घालायची, तर मी वाटी सरकवून म्हणाले, "माय, हा अन्याय हाय. वाटणी सारखी पायजे." माय भाकरी थापता थापता थांबली. तिच्या हाताचा तो थप-थप आवाज थांबला की घरातलं मांजरसुद्धा उठून बाहेर जाई. ती म्हणाली, "हक्क पायजे व्हय? घे. गोठ्यातलं शेण काढायचा हक्क आजपून तुझा. कुनी बी तुझ्यापून हिसकून घेनार न्हाई. माझा सबूद." आणि खरोखर, तो हक्क मी सासरी जाईपर्यंत माझ्याकडून कुणी हिसकावला नाही.

आज माझी नात कॉलेजात राज्यशास्त्र शिकते. परवा मला विचारत होती, आजी, हक्क आणि कर्तव्य यांचा संबंध काय गं? मी म्हटलं, बाई, तुझ्या पणजीनं तो एका वाक्यात सांगितला होता, पण तो तुझ्या पेपरात लिहिलास तर मास्तर नाक दाबेल.

तर आता काठीचं. आमच्या भागात निजामाचे अंमलदार दौऱ्यावर आले की गावाबाहेरच्या आमराईत त्यांचे तंबू पडत. तहसीलदार, त्यांचा पेशकार म्हणजे कारकून, शिपाई, आचारी, घोडे. या सगळ्या लवाजम्याचं पोट गावानं भरायचं. कोंबड्या, अंडी, दूध, सरपण, घोड्यांना कडबा, आणि एक दिवस बकरा. दाम कुणी देत नसे, आणि मागायचं असतं हे कुणाला माहीतही नव्हतं. कुणाच्या घरून काय जायचं याची बारी ठरलेली असे, आणि ती बारी सांगायला एक काठी होती. बोरीची, तेल पिऊन काळी झालेली, हातभर उंचीची. ज्या घराच्या दाराला ती टेकलेली, बारी त्या घराची. त्या घरानं आपला वाटा दिला की घरच्यांनीच काठी उचलून शेजारच्या दाराला नेऊन टेकवायची. वाटा न देता काठीला हात लावणं म्हणजे देवाच्या मूर्तीला पाय लावण्यासारखं. सबंध गावात ती काठी कुणी चुकवली नव्हती, चोरली नव्हती, मोडली नव्हती. आणि ती पाटलाच्या दाराला कधी लागली नव्हती. तेल्याच्या दारातून निघायची ती आमचं घर टाळून थेट पलीकडं रहिमत खालाच्या दाराला. मी एकदा आबांना विचारलं होतं, आपल्या दाराला कावून न्हाई? आबा हसून म्हणाले, "बारी लावनाऱ्याला कसली बारी, पोरी?" ते उत्तर मला तेव्हा अगदी पटलं होतं. नानाकाका यायच्या आधीची गोष्ट आहे ही.

रहिमत खाला म्हणजे आमच्या भिंतीला भिंत लागून राहणारी विधवा बाई. गोधड्या शिवायची. तिची लेक बाळंतपणाला माहेरी आली होती, बाळंतज्वरातून वाचली, पण तिचं दूध आटलं. पोरगं एवढंसं, सशासारखं. खाला आपल्या शेळीचं दूध काढायची, पाणी घालून कोमट करायची आणि कापसाची वात त्यात बुडवून पोराच्या ओठाला लावायची. ते चुटूचुटू ओढायचं. त्या शेळीचं नाव शहजादी, आणि तिचा थाटही तसाच. खाला तिला आपल्या ताटातली भाकरी मोडून चारी. त्या वर्षी दौरा आला, आणि बकऱ्याची बारी आली तेव्हा काठी खालाच्या दाराला. तिच्या घरी बकरा कुठला? दगडू कोतवाल सकाळी सांगून गेला, "खाला, बकरा न्हाई तर बकरी. दुपारी शिपाई येत्यात." दगडू वाईट माणूस नव्हता. बोलताना तो खालाकडं न बघता आपल्या वहाणांकडं बघत होता.

मी दुपारी ताक द्यायला गेले तर खाला उंबऱ्यात बसलेली, मांडीवर पोरगं, आणि शहजादीच्या अंगावरून हात फिरवत तिची समजूत घालतेय. "रोना नक्को गे," ती म्हणत होती. शेळी काही रडत नव्हती. मी आत डोकावले, ती कापसाची वात पाहिली, आणि माझ्या डोक्यात काकांची अख्खी ट्रंक उघडली. खाला शेळीला पाला आणायला परसात गेली तशी मी ती काठी उचलली, आणि आमच्या दाराला नेऊन टेकवली.

लोकांना वाटेल, केवढी धिटाई! छे हो. माझा डाव काय होता तो ऐका, म्हणजे माझी थोरवी कळेल. मला वाटलं, दगडू येईल, पाटलाच्या दाराला काठी पाहील, त्याची पाचावर धारण बसेल आणि शिपायांना घेऊन तो आल्या पावली परत जाईल. बकरी वाचेल, आमचंही काही जाणार नाही. म्हणजे पाहा, सगळी माणसं सारखी असं म्हणणारी मी, आणि माझी सगळी मदार कशावर? तर आबा सगळ्यांसारखे नाहीत यावर!

आलेले दोन्ही शिपाई मात्र परमुलखातले. त्यांना पाटलाचं घर आणि तेल्याचं घर सारखंच. खरी समता माझ्या गावात त्या दोघांपाशीच होती. दगडू दाराशी येऊन थबकला. एकदा काठीकडं, एकदा माझ्याकडं, एकदा आभाळाकडं बघितलं.

"चंद्राक्का, ही काठी हितं कशी?"

"मला काय ठावं? काठी जितं, बारी तितं. रीत हाय ना?"

"रीत हाय," दगडू रडवेल्या आवाजात म्हणाला. रीत मोडायची त्याची छाती नव्हती आणि पाटलाच्या गोठ्यात शिरायचीही नव्हती. तो तिथंच घामाघूम होत उभा राहिला. शिपायांना थांबायला वेळ नव्हता. ते सरळ गोठ्यात गेले आणि सरदारला घेऊन बाहेर आले.

सरदार म्हणजे आबांचा एडका. टकरीचा मेंढा. त्याला भिजवलेले हरभरे आणि गूळ, शिंगांना हळद-तेल, गळ्यात घुंगराचा पट्टा. नारायणगडच्या जत्रेत त्यानं भल्याभल्यांचे एडके पळवून लावले होते. आबा आमच्यापैकी कुणाच्या डोक्यावरून हात फिरवल्याचं मला आठवत नाही. सरदारच्या कपाळावरून रोज फिरवायचे. मला वाटलं, आता हा शिपायांना उडवणार! पण एका शिपायानं खिशातून मूठभर फुटाणे काढले, आणि आमचा तो शूर सरदार घुंगरं वाजवत, शेपूट हलवत त्यांच्या मागून निघून गेला. मी दारात उभी. घुंगरांचा आवाज वळणावर गेला आणि मग ऐकू येईना.

आबा शेतातून आले ते थेट आमराईकडं. दगडूनं वाटेतच सांगितलं होतं. मी मागून पळतेय, माझ्या मागं नानाकाका. त्यांचा तो तापाचा दिवस, तरी घोंगडी पांघरून, दात वाजवत, "दादा, हा त-त-तत्त्वाचा प्रश्न आहे," असं म्हणत येत होते. आमराईत तहसीलदारसाहेब खुर्चीवर बसून चहा पीत होते. उंच, गोरे, दाढी मेंदीनं रंगवलेली, बोलणं असं की शिवी दिली तरी मुशायऱ्यात दाद दिल्यासारखी वाटावी. आचारी सुरी घासत होता. सरदार झाडाला बांधलेला, मजेत पाला खात होता.

"अरे, पाटील साहब का जानवर?" साहेब उठून उभे राहिले. "किस अहमक ने लाया? माफ कीजिए. खोलो, खोलो."

आबांनी दोरीला हात घातला. मी इकडं देवाचे आभार मानले. शेळी वाचली, सरदार वाचला, माझी पाठ वाचली. माझ्यासारखी चतुर पोरगी साऱ्या जिल्ह्यात नाही. तेवढ्यात वाटेवरून खाला आली. डोक्यावरून पदर घट्ट ओढलेला, आणि मागं दोरीनं शहजादी. दारातली काठी दिसली नाही म्हणून तिनं शोधली, आमच्या दाराला सापडली, आणि शेळी घेऊन बाई चालत निघाली.

"बारी मेरी है साहब," ती म्हणाली. "काठी किसी बच्चे ने खेल में हिला दी होगी. पाटील का जानवर छोड दो. ये लो." आणि शहजादीची दोरी तिनं पुढं केली. चेहरा असा, जणू लग्नाचा आहेर देतेय. गरीब होती, पण आपली बारी दुसऱ्यावर ढकलली असं कुणी म्हटलेलं तिला चाललं नसतं.

साहेब खूश. "देखा? बात खत्म. बकरी रखो, एडका पाटील साहब को दो."

आबा दोरी धरून उभे. त्यांनी सरदारकडं पाहिलं. मग शेळीकडं. मग खालाकडं, आणि मला वाटतं, भिंतीपलीकडून रोज ऐकू येणारं ते बारकं किरकिरणं त्यांच्या कानात होतं. मग त्यांनी माझ्याकडं पाहिलं. मी पटकन आंब्यावरच्या मुंग्या बघू लागले. खरं सांगते, त्या क्षणी मला काय वाटत होतं? 'न्या हो आबा सरदारला घरी, शेळीचं पुढं बघू.' हक्कबिक्क सगळे काकांच्या ट्रंकेत परत जाऊन बसले होते.

आबांनी दोरी सोडून दिली.

"काठी माज्या दारात हाय, साहेब," ते म्हणाले. "बारी माजीच."

"पाटील साहब, आप को बारी कैसी? दस्तूर नहीं है."

"दस्तूर हाय तर माजा बी एडका घ्या. दस्तूर न्हाई तर तिची बकरी बी घिऊ नका. दोन्ही कसं हुईल?"

साहेबांनी कप खाली ठेवला. त्यांच्या आवाजातली साखर जरा कमी झाली. "पाटीलकी बहुत पुरानी है आप के घर में. सोच के बोलिए."

काका पुढं सरसावले. त्यांनी हात उंचावून कायद्यातलं काहीतरी फार मोठं वाक्य सुरू केलं, पण थंडीनं दात इतके वाजत होते की साहेबांनी काळजीनं विचारलं, "इन को क्या हुआ? इन्हें लिटाओ." दोन शिपायांनी काकांना उचलून सावलीत निजवलं. स्वातंत्र्याची बाजू अशी आडवी झाल्यावर आबा एकटेच उरले.

"सोचलं, साहेब," आबा म्हणाले. "खाला, चल. पोर भुकेलं आसंल."

साहेबांनी आचाऱ्याला हातानं खूण केली. कुणाकडं, हे सांगायला नको. त्यांचंही बरोबर होतं म्हणा, रात्रीचं जेवण तर व्हायला हवं होतं. आम्ही परत निघालो. पुढं आबा, मागं खाला आणि शहजादी, त्यामागं काकांना धरून दगडू, आणि सगळ्यात शेवटी हुंदके देत मी. खाला मधेच मागं वळून मला म्हणाली, "कायकू रोती गे? बकरी तो बच गई ना." मला तिला सांगता येईना की मी कुणासाठी रडतेय.

घरी काका बाजेवर पडल्या पडल्या भारावून म्हणाले, "दादा, आज तुम्ही तत्त्व राखलंत." आबा हातपाय धूत होते. ते म्हणाले, "तत्त्व तुजं, नाना. एडका माजा व्हता."

जेवणं झाल्यावर आबांनी मला हाक मारली. मी पाठीला तेल लावून घ्यावं का असा विचार करत गेले.

"आबा, तुमाला कसं कळलं?"

"काठीला पाय न्हाईत," आबा म्हणाले. "आन् ह्या घरात तुज्याबगर कुनाचे हात मोकळे नसत्यात." मग त्यांनी काठी माझ्या हातात दिली. "बारी झाली आपली. आता जा, शेजारच्या दाराला लावून यी. रीत हाय ना?"

मी काठी घेऊन उंबऱ्यापर्यंत गेले, आणि तिथं माझ्या डोक्यात उजेड पडला. शेजारचं दार म्हणजे खालाचंच! म्हणजे पुढच्या दौऱ्याला पुन्हा तीच शहजादी. माझ्या एवढ्या पराक्रमानं काय झालं होतं, तर बारी एक दौरा पुढं गेली होती. मी परत फिरले. "मी न्हाई नेत," म्हटलं. आबांनी काठी माझ्या हातातून काढून घेतली. मला वाटतं, हा प्रश्न त्यांनाही तेव्हाच दिसला. सबंध गाव त्या काठीवर चालत होतं, आणि काठी कुठं टेकवायची ते ठरवणारा माणूस आपण, हे त्यांना इतकी वर्षं ओझं वाटलं नव्हतं. शेवटी म्हणाले, "मंग ऱ्हाऊ दे हितंच."

आणि राहिली. पुढच्या दौऱ्याला मायच्या तीन कोंबड्या गेल्या. त्याच्या पुढच्याला उरलेल्या, त्यात अंड्यांवर बसलेली तांबडी. आबा चावडीवर चार मोठ्या घरांना म्हणाले, आता बारी पाटलालाबी हाय, तर तुमीबी काठी घ्या. त्याबरोबर गावातल्या त्या सगळ्या कर्त्या पुरुषांना एका दुपारीत उमगलं की ही फुकट वसुली मुळातच अन्यायाची आहे! इतकी वर्षं काठी गरिबांच्या आळीत फिरत होती तोवर ती रीत होती. स्वतःच्या दाराकडं निघाली तशी जुलूम झाली. तक्रार करायला साहेबांपुढं जायला मात्र कुणी तयार होईना, आणि काठी घ्यायलाही. पुढं आयुष्यात मी पुष्कळ सभा पाहिल्या, मंचावरून हार घालून घेणारे पुष्कळ पुढारी पाहिले. त्यांची भाषणं ऐकताना मला आमची चावडी आठवते आणि फार हसू येतं. म्हणून सुना मला पहिल्या रांगेत बसू देत नाहीत.

तर पुन्हा दौरा आला. काका बरे होऊन हैदराबादला परत गेले होते. सकाळी माय चुलीपुढं होती, मी शेण काढून हात धूत होते. दगडू दारात येऊन उभा राहिला, खाली बघत. "पाटलीनबाई, आज बकऱ्याची बारी हाय. काठी..."

"कसली काठी?" माय म्हणाली.

"दाराला व्हती की."

"मग बघ दाराला."

दगडूनं बघितलं. दाराला काही नव्हतं. त्यानं खालाच्या दाराला बघितलं, तेल्याच्या, सुताराच्या, सबंध गावाच्या दारांना बघितलं. शिपाई ओरडायला लागले. पण ज्याच्या दारात जावं तो म्हणे, "काठी कुटं हाय? काठी न्हाई तर बारी न्हाई. रीत हाय." कुणी खोटं बोलत नव्हतं. काठी नसताना बारी देणं हे त्यांना काठी असताना न देण्याइतकंच पाप वाटत होतं. पेशकार येऊन म्हणाला, नवी काठी तोडा. तोडली. पण ती पहिल्यांदा कुणाच्या दाराला लावायची? त्यावर चावडीत असा वाद पेटला की तीन आळ्या एकमेकींशी भांडल्या, जुनी भांडणं उकरली गेली, दोन सोयरिकी मोडता मोडता राहिल्या. साहेबांचा आचारी शेवटी कंटाळून घोडा घेऊन आठवडी बाजाराला गेला आणि दाम मोजून बकरा घेऊन आला. पुढच्या दौऱ्यालाही तो आधी बाजारातच गेला म्हणतात.

आबा भर दुपारी चावडीवरून घरी आले, आवाज बसलेला. मायनं भाकरी, अंबाडीची भाजी आणि लसणाची चटणी वाढली. मी शेजारी बसले होते. त्यांनी भाकरीचा पापुद्रा मोडला, तोंडात घातला, आणि चावता चावता थांबले.

"आज भाकरी लई खरपूस झाली," ते म्हणाले.

माय परातीतलं पीठ सारखं करत होती. तिनं वर पाहिलं नाही.

"जळन चांगलं व्हतं," ती म्हणाली. "जुनं. तेल पेलेलं."